चेक इंजिनचा दिवा विझतो आणि परत लागतो: बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या नव्या गाड्यांसाठी

गाडी घेऊन वर्षसुद्धा झालेलं नसतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. शोरूमला नेली की स्कॅनर लावतात, दिवा घालवतात, गाडी धुऊन चावी हातात देतात. "सेन्सरचा किरकोळ एरर होता साहेब, आता काही नाही, घेऊन जावा." दीड-दोनशे किलोमीटर झाले की दिवा परत हजर, आणि या वेळी पिकअपही गेलेला. मग मालक शोरूमवर चिडतो, शोरूम पंपाकडे बोट दाखवतं आणि पंपवाला गाडीलाच नावं ठेवतो.

स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड पुसला म्हणजे गाडी दुरुस्त झाली असं नाही. उलट कोडबरोबर पुरावाही जातो. बिघाड झाला त्या क्षणी इंजिन काय करत होतं याची नोंद ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. वेग, आरपीएम, कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान, इंजिनवरचा लोड, बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू होऊन किती वेळ झाला तेही तिच्यात असतं. कोड फक्त कुठे दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते फ्रीझ फ्रेम सांगते. बिघाड पुन्हा पुन्हा होत असेल तर निम्मं निदान या नोंदीतच सापडतं, आणि "डिलीट ऑल" दाबलं की नेमकी तीच जाते.

दिवा लागल्यावर पहिल्या तासात

दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय ते आधी बघा. स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश घरी किंवा वर्कशॉपला जाता येतं. पेट्रोल गाडीत दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, जोरात चालू आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतं आणि तो महागडा भाग काही मिनिटांत वितळू शकतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, गाडी कडेला घ्या. ऑईलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर थांबून लगेच इंजिन बंद करा, "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणू नका.

बॅटरीची वायर काढू नका. ओळखीचा मिस्त्री पाच मिनिटं टर्मिनल काढून दिवा घालवून देतो, त्यातही पुरावा जातो आणि शोरूमला "आमच्याकडे कोड दिसत नाही" म्हणायला वाव मिळतो.

स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ ॲडॉप्टर आणि मोबाईलवरचं एखादं ॲप एवढ्यावर कोड आणि फ्रीझ फ्रेम दोन्ही वाचता येतात. वाचा, स्क्रीनशॉट काढा, पुसू नका. ॲडॉप्टर कायम लावूनही ठेवू नका, उभ्या गाडीत तो बॅटरी खातो. ज्यांना हे करायचं नाही त्यांनी शोरूममध्ये स्कॅनर लागेल तेव्हा शेजारी उभं राहून स्क्रीनचा फोटो घ्यावा. त्याला कुणी हरकत घेतली तर जॉबकार्डवर (शोरूमच्या कामाच्या नोंदपत्रावर) तसं लिहून मागा. बहुतेक वेळा हरकत तिथंच मिटते.

सोबत वहीत चार गोष्टी लिहा: चढ होता की सपाट, एसी चालू होता का, टाकीत किती इंधन होतं, आणि शेवटचं इंधन कुठल्या पंपावर कधी भरलं.

डिझेल गाडी: दहातल्या बहुतेक तक्रारी इथेच

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि डिझेल कारच्या सायलेन्सर लाईनमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर आला. काजळी त्यात साठते आणि ठरावीक प्रमाण झालं की इंजिन स्वतःच ती जाळून टाकतं. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी सायलेन्सरमधलं तापमान साधारण ६०० अंशांवर न्यावं लागतं. ते नेण्यासाठी ईसीयू नेहमीच्या इंजेक्शननंतर थोडं जादा डिझेल सोडतो. काम पुरं व्हायला इंजिन गरम ठेवून सलग १५ ते २५ मिनिटं चालणं लागतं.

आता आपल्या भागातला वापर बघा. टिळकवाडीतून उद्यमबागला तीन-चार किलोमीटर, गोवावेसचा सिग्नल, शाळेसमोरची गर्दी, परत घरी. चिकोडी, रायबाग, अथणीकडे गळीत हंगामात नोव्हेंबर ते मार्च उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे तिसऱ्या गिअरमध्ये रांगणं. इंजिन गरम होईपर्यंत घर आलेलं असतं. रिजनरेशन सुरू होतं आणि चावी फिरवून मालकच ते मोडतो. असं पाच-सहा वेळा झालं की काजळी मर्यादेबाहेर जाते, ईसीयू ताकद कमी करतो, गाडी अडीच-तीन हजार आरपीएमच्या वर जायला मागत नाही. वंटमुरीच्या चढावर मागचे ट्रक हॉर्न मारायला लागतात तेव्हा मालकाला समजतं.

रिजनरेशन चालू असल्याची खूण मीटरवर प्रत्येक गाडीत दिसत नाही, पण बाकीच्या खुणा लपत नाहीत. उभी असताना आरपीएम ८०० च्या जागी ९००-१००० वर राहतं, क्षणाचं मायलेज अचानक पडतं, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो, तापलेल्या लोखंडाचा वास येतो. या खुणा दिसल्या तर घरी पोचलात तरी गाडी बंद करू नका, आणखी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. आणि अशा वेळी गाडी पाचटावर किंवा वाळलेल्या गवतावर उभी करू नका. खालचा भाग इतका तापलेला असतो की शेताच्या कडेला आग लागायला तेवढं पुरतं.

डीपीएफचा दिवा नुसता लागला आहे, ताकद अजून शाबूत आहे, अशा टप्प्यावर उपाय फुकट आहे. टाकी पाव भागाच्या वर असू द्या, रिझर्व्हवर बहुतेक ईसीयू रिजनरेशन सुरूच करत नाहीत. काकतीहून हायवेला लागून संकेश्वरपर्यंत जाऊन या. वेग ६० ते ८०, एक गिअर खाली ठेवून आरपीएम २००० ते २५०० दरम्यान, मध्ये चहाला थांबायचं नाही.  जांबोटी-चोर्ला रस्ता मात्र यासाठी निवडू नका. वळणं आणि खड्डे एवढे की आरपीएम दर मिनिटाला पडतं.

दिवा लागला आणि ताकदही गेली, तर हायवेवर पळवून काही होणार नाही. ईसीयूनं त्या टप्प्यावर आपोआप होणारं रिजनरेशन बंद केलेलं असतं. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून जबरदस्तीचं रिजनरेशन करावं लागतं. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो.

इथंच बहुतेक शोरूम थांबतात. रिजनरेशन झालं, दिवा गेला, गाडी दिली. दोनशे किलोमीटरनं परत तेच. निरोगी गाडीत दोन रिजनरेशनमध्ये साधारण ३०० ते ६०० किलोमीटर जातात. दर शंभर-दीडशेला होत असेल आणि हायवे वापरही पुरेसा असेल, तर काजळी जास्त तयार होते आहे किंवा ती मोजणारं यंत्र खोटं बोलतं आहे. तुमच्या वापराला दोष देण्याआधी शोरूमनं या क्रमानं तपासलं पाहिजे.

१. डिफरन्शियल प्रेशर सेन्सर. डीपीएफच्या आधीचा आणि नंतरचा दाब यातला फरक मोजून काजळीचा अंदाज बांधला जातो. इग्निशन ऑन, इंजिन बंद, अशा स्थितीत स्कॅनरच्या लाइव्ह डेटामधला आकडा शून्याजवळ पाहिजे. शून्य नसेल तर सेन्सर खराब. शून्य असेल तर सेन्सरला जाणाऱ्या दोन बारीक नळ्या हातानं चाचपून बघायला लावा. तडा, निसटलेली क्लिप, आत साठलेलं पाणी, उंदरानं कुरतडलेलं टोक यातलं काहीही पुरतं. सेन्सर बदलला तर स्कॅनरमधून जुनी शिकलेली मूल्यं रिसेट करावी लागतात. ते विसरलं की नवा सेन्सर बसवूनही दिवा परत लागतो आणि सगळे बुचकळ्यात पडतात.

२. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप. सर्वांत दुर्लक्षित भाग. तो उघडाच अडकला तर कूलंट ८५-९० अंशांवर पोचतच नाही, आणि इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू रिजनरेशनला परवानगी देत नाही. बेळगावची थंड, भिजकी पावसाळी हवा या दोषाला आणखी साथ देते. मीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच गाड्यांचा काटा ७५ ते १०५ अंशांपर्यंत मधोमधच दाखवतो. स्कॅनरवर हायवेला वीस मिनिटं चालल्यावरचा आकडा बघा. ७० च्या आसपास घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट बदला.

३. टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंतचे पाईप. क्लिप सैल झाली की हवा वाटेतच निसटते, डिझेल तेवढंच पडतं आणि काजळी वाढते. पाईपच्या सांध्यावर तेलकट काळा डाग आणि चढावर शिट्टीसारखा आवाज ही खूण. सोबत पी०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) कमी असल्याचा कोड येतो.

४. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, उघडा अडकलेला. उभी असताना इंजिन थरथरतं, ॲक्सिलरेटर दिल्यावर काळा धूर. नवीन गाडीत हा भाग धुऊन परत बसवण्यापेक्षा वॉरंटीत बदलून मागा.

५. इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग. रिटर्न टेस्टमध्ये चारही इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल बाटल्यांत मोजतात. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त भरली तर तो इंजेक्टर. स्कॅनरवर सिलिंडरनिहाय करेक्शनचे आकडेही बघता येतात.

एक नमुना बघा. कोड पी२४६३, म्हणजे काजळी जास्त. फ्रीझ फ्रेम: वेग २२, आरपीएम १२००, कूलंट ६८, इंजिन सुरू होऊन ११ मिनिटं. यावरून गावातला तोकडा वापर म्हणता येईल. पण त्याच कोडबरोबर वेग ८४, कूलंट ६८, इंजिन सुरू होऊन ४० मिनिटं असं दिसलं तर वापराचा काही संबंध नाही. चाळीस मिनिटं हायवेला चालून इंजिन ६८ वर कसं राहतं, हा प्रश्न विचारा. थर्मोस्टॅट खोलायलाच लागेल.

पी२४२एफ आला तर थबका. तो राख जास्त झाल्याचा कोड. चुलीत लाकूड जळून जातं पण राख उरते तसंच इथं. काजळी जळते, इंजिन ऑईलमधल्या रसायनांची राख डीपीएफमध्ये कायमची राहते. ती भरायला सहसा लाखभर किलोमीटर लागतात. वीस-तीस हजारांवर हा कोड आला तर बाहेरचं चुकीचं ऑईल पडलं आहे, इंजिन ऑईल जाळतं आहे, किंवा प्रेशर सेन्सर चुकतो आहे. कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑईल घाला. ग्रेड बघताना फक्त ५डब्ल्यू-३० बघून भागत नाही, पुढं लिहिलेला सी२ किंवा सी३ हा दर्जाही जुळला पाहिजे.

ऑईलची पट्टी दर पंधरा दिवसांनी बघा, आणि ती कमी झाली का यापेक्षा वाढली का ते बघा. रिजनरेशन अर्धवट राहिलं की जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पट्टी काढा. पातळी कमाल खुणेच्या वर असेल, ऑईल पाण्यासारखं पातळ वाटत असेल, डिझेलचा वास येत असेल तर ऑईल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका. बेअरिंग आणि टर्बो दोन्ही त्या पातळ ऑईलवर झिजतात. जबरदस्तीच्या रिजनरेशननंतर ऑईल बदललं का हे जॉबकार्डवर तपासा. दिवा परत लागण्यापेक्षा न बदललेलं ऑईल जास्त नुकसान करतं.

"डीपीएफ पोकळ करून सॉफ्टवेअर मारून घ्या, कायमची कटकट मिटेल" असा सल्ला बेळगावातही मिळतो, कोल्हापुरातही. वॉरंटी त्या दिवशी संपते, आणि प्रदूषणाच्या नियमांनुसार ते बेकायदा आहे. नव्या गाडीवर तर हा विचारसुद्धा करू नये.

ज्या गाड्यांत धुरातलं प्रदूषण कमी करायला युरियाचं द्रावण, म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, वेगळ्या टाकीत भरतात, त्यांनी सीलबंद कॅनच घ्यावा. शेतीच्या युरियात नळाचं पाणी मिसळून केलेला घरगुती प्रयोग नोझलमध्ये पांढरे खडे करतो आणि तो खर्च वॉरंटीत बसत नाही.

पेट्रोल गाडी: झटके, मिसिंग, चढावर दम तुटणं

पी०३०१ ते पी०३०४ हे कोड त्या-त्या नंबरच्या सिलिंडरचं मिसफायर सांगतात. पी०३०० आला तर एकापेक्षा जास्त सिलिंडर किंवा जागा पक्की नाही. समजा पी०३०२ आहे. इंजिन थंड असताना दोन नंबरची इग्निशन कॉईल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) तीन नंबरला आणि तीनची दोनला लावा, कोडचा फोटो घेऊन मगच पुसा, आणि गाडी चढावर न्या. पुढचा कोड पी०३०३ आला तर बिघाड कॉईलबरोबर सरकला, म्हणजे कॉईल खराब. कोड पी०३०२ वरच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची, शेवटी कम्प्रेशन टेस्ट. ही चाचणी स्वतः करायची गरज नाही, कॉईलच्या प्लास्टिक क्लिपा ठिसूळ असतात आणि तुटली तर वाद तुमच्या अंगावर येतो. पण शोरूमनं ती केली का, हे विचारायचा हक्क तुमचाच. नुसतं "चारही प्लग बदलले" हे उत्तर घेऊ नका.

बिलावर "थ्रॉटल बॉडी क्लीनिंग" ही ओळ हमखास दिसते. दहा-पंधरा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत थ्रॉटल इतका घाण होत नाही की इंजिन बंद पडावं. त्यावर पैसे भरण्याआधी साफ करण्यापूर्वीचा फोटो मागा.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. इथं लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्याचा, आकडा कामाला येतो. तो अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असला तर ठीक. उभ्या गाडीत २० च्या वर आणि २५०० आरपीएमला उतरत असेल तर इनटेक मॅनिफोल्डच्या आसपास कुठेतरी बाहेरची हवा आत शिरते. उलट उभी असताना ठीक आणि चढावर वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाही: पंप, टाकीतली जाळी, किंवा रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीतला दाब). तवंदी घाटात बिघाड येतो आणि सपाटीवर गाडी सरळ, अशी तक्रार असेल तर शोरूमच्या गल्लीतल्या ट्रायलवर तो कधीच सापडणार नाही. मेकॅनिकला शेजारी बसवून चढावरच न्या.

एअर फिल्टरचं वेळापत्रक मॅन्युअलमधल्या "धुळीचा प्रदेश" या रकान्याप्रमाणे धरा. साखर कारखान्यांच्या आसपास हंगामात उडणारी काळी राख आणि कच्च्या रस्त्यांची तांबडी धूळ यांपुढं साधं वेळापत्रक टिकत नाही.

इंधनात पाणी

खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात जुलै-ऑगस्टचा पाऊस काय असतो हे सांगायला नको. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं तर पेट्रोल गाडीचं गणित वेगळं होतं. ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी त्यात मुरून जातं. प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होऊन तळाशी बसतात, आणि गाडीचा पंप नेमका तळातून ओढतो. डिझेलमध्ये पाणी सुरुवातीपासूनच खाली बसतं, म्हणून फिल्टरखाली पाणी काढायची सोय आणि मीटरवर पाण्याचा दिवा असतो. तो दिवा लागला तर पुढं न नेता फिल्टरमधलं पाणी काढून घ्या, कॉमन रेल पंपाचे (इंजेक्टरला जोरदार दाबानं डिझेल पुरवणाऱ्या पंपाचे) धातूचे भाग गंजले की दुरुस्ती लाखाच्या घरात जाते.

ओळखायचं कसं? इंधन भरून पाच-दहा किलोमीटरच्या आत बिघाड सुरू झाला असेल तर संशय पक्का. टाकीतून लिटरभर पारदर्शक बाटलीत काढा आणि अर्धा तास हलवू नका. दोन थर दिसले की विषय संपला. पंपाचं बिल आणि बाटलीचा फोटो जपा. पंपावर ग्राहकानं मागितलं तर फिल्टर पेपर टेस्ट करून द्यावी लागते. पाणी दाखवणारी पेस्ट डिपरॉडला (टाकीत बुडवायच्या पट्टीला) लावून टाकीचा तळ तपासून दाखवायलाही सांगा. यातलं काही करायला पंपवाला टाळाटाळ करत असेल तर तेही लिहून ठेवा. इंधन खराब निघालं तर कंपनी वॉरंटी नाकारते, आणि मग भांडण पंपाशी करावं लागतं. बिल नसलं की दोन्हीकडून हात रिकामे.

गोव्याहून येताना स्वस्त म्हणून कॅन भरून आणायची सवय असेल तर ती नव्या गाडीसाठी सोडा. प्लास्टिकच्या कॅनमधला कचरा आणि ओल दोन्ही टाकीत जातात, शिवाय गाडीत पेट्रोलचा कॅन ठेवणंच धोक्याचं.

कधी बंद पडते, कधी नाही

स्कॅनरवर काहीच नाही, पण गाडी मधूनच बंद पडते, दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते. इथं आधी क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं मोजणारा) बघा, कारण तो गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाला की शहाणा होतो. मग बॅटरीचं अर्थिंग. बंद गाडीत बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये, चालू इंजिनला साधारण १३.५ ते १४.७. सेल्फ मारताना आकडा आठवर पडत असेल तर पाच-सहा वेगवेगळ्या सेन्सरचे कोड एकदम येतात आणि शोरूम एक-एक सेन्सर बदलत बसतं. असे ढीगभर कोड एकाच वेळी दिसले की सेन्सर सोडा, बॅटरी आणि अर्थिंगची वायर बघा.

भात आणि उसाच्या शेताला लागून घर असेल तर बॉनेट उघडून बॅटरीखाली आणि इंजिन कव्हरखाली टॉर्च मारा. लेंड्या, कुरतडलेला फोम, वायरीवर दातांच्या खुणा. कुरतडलेलं वायरिंग वॉरंटीत येत नाही. विम्यात बसतं का ते तुमच्या पॉलिसीच्या अटींवर आहे, म्हणून दुरुस्तीआधी फोटो आणि विमा कंपनीला कळवणं दोन्ही करा.

बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टीम, जादा हॉर्न, एलईडी दिवे यासाठी मूळ वायर कापली असेल तर शोरूम तेच कारण पुढं करणार. ते काढून मूळ स्थितीत आणूनच तक्रार न्या.

कागद

सर्व्हिस ॲडव्हायझर जॉबकार्डवर "जनरल चेकअप" लिहितो आणि सही घेतो. सही आधी करू नका. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: "तवंदी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ४५ च्या वेगानं चढताना पिकअप जातो, दिवा लागतो, कोड पी०२९९, यापूर्वी दोनदा आणली आहे." जॉबकार्ड इंग्रजीत असतं म्हणून मराठीत सांगितलेलं गाळून टाकलं जातं. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा आणि तोच मजकूर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर ॲडव्हायझरला पाठवा. बाहेर पडताना क्लोज केलेल्या जॉबकार्डची प्रत, कोडचा प्रिंट, बदललेल्या भागाचा पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअर अपडेट केलं असेल तर नव्या व्हर्जनचा नंबर घ्या. जॉबकार्ड न उघडता "पाच मिनिटांत बघून देतो" म्हणून केलेलं काम हिशेबात धरलं जात नाही. वॉरंटीतल्या गाडीसाठी अशी पाच मिनिटं नकोच.

गाडी कोल्हापुरात किंवा गोव्यात घेतलेली, राहणं बेळगावात, असं इथं घरोघरी आहे. कंपनीची वॉरंटी देशात कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला चालते. "जिथं घेतली तिथं न्या" हे उत्तर कंपनीच्या वॉरंटी पुस्तिकेतल्या अटींशी ताडून बघा आणि ती ओळ दाखवा. डीलरनं स्वतः विकलेली ॲक्सेसरी किंवा त्याची स्वतःची जादा हमी मात्र त्या डीलरपुरतीच. दोन राज्यांत दोन शोरूमला गाडी गेली असेल तर चॅसिस नंबरवर पूर्ण इतिहासाचा प्रिंट मागा. एका शोरूमनं केलेलं काम दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसतं का ते तिथंच कळेल.

एकाच बिघाडासाठी तीन फेऱ्या झाल्या की शोरूमच्या मॅनेजरशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. कंपनीच्या विभागीय कार्यालयाला लेखी पत्र, सोबत तिन्ही जॉबकार्डं, आणि मागणी एकच: कंपनीचा टेक्निकल इंजिनिअर पाठवून संयुक्त टेस्ट ड्राइव्ह. ड्राइव्ह झाल्यावर रस्ता, किलोमीटर, दिसलेला दोष लिहून दोघांच्या सह्या. त्यातूनही हललं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंतर ग्राहक आयोग.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. म्हणजे गाडी कोल्हापूरच्या शोरूमची असली तरी बेळगावच्या जिल्हा आयोगात जाता येतं. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १०००. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. मराठीत असलेल्या पत्रांना इंग्रजी भाषांतर जोडून द्या, म्हणजे कागद मागं येत नाहीत.

मागणी काय करायची याचा विचार आधी करा. "नवी गाडी द्या" ही मागणी टिकायला दोष उत्पादनातलाच आहे हे तज्ज्ञाच्या अहवालानं सिद्ध करावं लागतं. आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो, तसा अर्ज तक्रारीबरोबरच द्या. त्याच्याखाली पर्यायी मागण्याही लिहा: सदोष भाग किंवा पूर्ण इंजिन बदलून देणं, गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहिली तेवढ्या दिवसांची वॉरंटी वाढवून देणं, टोइंगचा आणि पर्यायी वाहनाचा खर्च. त्या खर्चाच्या पावत्या पहिल्या फेरीपासूनच जपून ठेवायला हव्यात, हत्तरगी टोलनाक्याजवळून गाडी ओढून आणणाऱ्या क्रेनवाल्याची साधी पावतीसुद्धा.